इंजिन जोडताना टिंबे जुळवा



रब्बी ज्वारी पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी पोटरीत येते. या वेळी पाण्याचा ताण पडला तर कणीस हलके राहते. गेवराई तालुक्यातल्या एका शेतकऱ्यावर नेमकी याच वेळी आफत आली. विहिरीत पाणी होते, पण डिझेल इंजिनाच्या रिंगा गेल्या होत्या.

मिस्त्री आला. इंजिन उघडून त्याने नव्या रिंगा बसवल्या. घरच्या बाईने गिअरची चाके रॉकेलने पुसून दिली. जोडणी चालू असताना ती म्हणाली, “दादा, चाकांवरची टिंबं समोरासमोर येत नाहीत.” मिस्त्री म्हणाला, “वहिनी, चालतंय तेवढं.” हँडल मारले, दोन धक्के बसले, टक्कन आवाज झाला आणि पुशरॉड वाकला. पाणी चार दिवस लांबले.

ही टिंबे शोभेसाठी नसतात. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. क्रँक मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो. समजा, कॅमच्या चाकाला ६० दाते आहेत. एक दात चुकला तर क्रँकच्या हिशेबाने १२ अंशांचा फरक पडतो. मग इंजिन लवकर सुरू होत नाही, धूर सोडते, ताकद देत नाही. चूक मोठी असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो.

म्हणून हँडल मारण्याआधी एवढे करा :

१. झाकण लावण्यापूर्वी क्रँकच्या आणि कॅमच्या चाकावरची टिंबे जुळलेली स्वतः पाहा.

२. नोझल काढून ठेवा आणि फ्लायव्हील हाताने सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवा. दोन्ही चाके एकमेकांत थेट बसत असतील तर टिंबे पुन्हा समोरासमोर येतात. मध्येच अडले तर जोर लावू नका, उलगडून पाहा.

३. या दोन फेऱ्यांत पिस्टन दोनदा अगदी वर येतो. एकदा दोन्ही टॅपेट सैल लागले पाहिजेत. दुसऱ्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह किंचित दाबलेले दिसले पाहिजेत. तसे नसेल तर टायमिंग चुकले आहे.

४. टॅपेटची फट दोन्ही सैल असताना, इंजिन थंड असताना, माहितीपुस्तकातल्या मापाने फिलर गेज घालून ठेवा.

५. डिझेल पंपाची फवारणी फ्लायव्हीलवरच्या खुणेशी जुळते का, तेही मिस्त्रीकडून तपासून घ्या.

या सगळ्याला अर्धा तास लागतो. आता वीज आहे, सौर पंपही आले आहेत. तरी गोठ्याशेजारी जुने इंजिन जपून ठेवणारी घरे आपल्या जिल्ह्यात आहेत. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात सुरू झाली. तिची इंजिने आपल्याकडच्या कितीतरी विहिरींवर चालली. नीट जोडलेले इंजिन अडचणीला उभे राहते.

आणि एक सांगतो. चाके पुसणाऱ्या हातांना खूण आधी दिसते. ती बाई बोलली, तेव्हा मिस्त्रीने मान वळवून पाहिले असते तर ज्वारीला पाणी त्याच दिवशी मिळाले असते. घरात कोणी काही दाखवले तर पाहून घ्या, मगच हँडल हाती धरा.