सक्तीची समता

कर्ट व्हॉनेगट या अमेरिकन लेखकाची ‘हॅरिसन बर्जेरॉन’ ही कथा १९६१ साली प्रसिद्ध झाली. कथेतील काळ मात्र २०८१ चा. कोणी कोणाहून सरस असू नये, असा तेथे कायदा आहे. म्हणून देखण्यांना मुखवटे, बलवानांना ओझी. बुद्धिमान जॉर्जच्या कानात त्याची विचारशृंखला तोडणारे कर्कश यंत्र आणि गळ्यात छऱ्यांची ४७ पौंडांची पिशवी. थोडे छरे घरी तरी काढून ठेवावेत, असे पत्नी सुचविते. तो नकार देतो. दंड व तुरुंगवास आहेच; पण सर्वांनी तसे केले तर जीवघेण्या स्पर्धेचे जुने दिवस परततील, असे त्याला मनापासून वाटते! कथेचे मर्म येथे आहे, त्याच्या मुलाच्या बंडात तितकेसे नाही.

या कथेचा दाखला देऊन समतेलाच नावे ठेवणे मात्र उचित नव्हे. त्या समाजात दुबळ्याला बळ कोणी देत नाही. बलवानाचे तेवढे हिरावले जाते. शिवाय, निव्वळ स्पर्धेवर उभा असलेला समाज मायकेल यंग यांनी १९५८ साली ‘द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी’मध्ये उपहासाने रंगविला आहे. तेथे बुद्ध्यंक आणि परिश्रम यांवर सारे ठरते, आणि मागे पडलेल्याला परिस्थितीला दोष देण्याचा दिलासाही उरत नाही.