कपडे ऑफिसचे, पाऊस पाचगणीचा

जुलै महिन्यात सकाळी नऊच्या सुमारास पाचगणीच्या एसटी स्टँडवर उभं राहिलात, तर एक गंमत दिसेल. वाईहून पसरणीचा घाट चढून आलेल्या बसमधून शिक्षक उतरतात, बँकेतले लोक उतरतात, हॉटेलात रिसेप्शनला असणाऱ्या मुली उतरतात. पायात प्लॅस्टिकचे सँडल नाहीतर स्लीपर, पँट दोन घड्या वर दुमडलेली, एका हातात छत्री. दुसऱ्या हातात कॅरीबॅग. त्या कॅरीबॅगेत असतात ‘ऑफिसचे’ बूट.

माझी एक मैत्रीणही अशीच बूट हातात घेऊन कामाला जायची. पहिलीच नोकरी, एका हॉटेलात. काळे बंद बूट, इस्त्रीचा शर्ट, काळी पँट असा नियम. दुसऱ्या आठवड्यात बुटांना आतून बुरशी धरली. इथल्या पावसात चामडं आठवडाभरही टिकत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एक दिवस ती सँडल घालूनच काउंटरला उभी राहिली. पाहुण्यांसमोर बोलणी खाल्ली आणि त्या दिवसाचा अर्धा पगार कापला गेला. काउंटर छातीएवढा उंच. तिचे पाय कुणाला दिसतच नव्हते!

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न आहे. ऑफिसला कुठले कपडे ‘योग्य’, हे नक्की ठरवतं कोण? आणि कशावरून?

जीन्सवरची बंदी

आपल्या राज्यात हा प्रश्न थेट सरकारनेच सोडवायला घेतला होता. ८ डिसेंबर २०२० रोजी सामान्य प्रशासन विभागाचं परिपत्रक निघालं. सरकारी कार्यालयात जीन्स नको, टी-शर्ट नको, गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, स्लीपर तर अजिबात नको. महिलांनी साडी, सलवार किंवा चुडीदार कुर्ता, ट्राउझर आणि त्यावर कुर्ता किंवा शर्ट, गरज असेल तर दुपट्टा. पुरुषांनी शर्ट-पँट. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी. त्या वेळी आपण सगळे कोरोनामुळे घरात बसून वरती शर्ट आणि खाली बर्म्युडा घालून ऑनलाइन लेक्चरं करत होतो. त्यामुळे या बातमीवर मीम्सचा पाऊस पडला. पुढे मार्च २०२१ मध्ये जीन्सची सुटका झाली, टी-शर्ट मात्र अडकूनच राहिला.

मीम्स मीही फॉरवर्ड केली होती. आता इंटर्नशिप करताना ते परिपत्रक पुन्हा नीट वाचलं, तेव्हा एक गोष्ट खटकली. नीटनेटके कपडे न घालणाऱ्यांमुळे शासनाची प्रतिमा मलिन होते, असं त्यात म्हटलं होतं आणि ‘असे लोक’ म्हणून बोट दाखवलं होतं ते मुख्यतः कंत्राटी कर्मचारी आणि सल्लागारांकडे. सल्लागारांचं ठीक आहे. पण कंत्राटी माणूस म्हणजे कोण? ज्याची नोकरी अकरा महिन्यांनी राहील की जाईल याची खात्री नाही, तो. नवे कपडे घ्यायची ऐपत ज्याची सगळ्यात कमी, प्रतिमेचं ओझं त्याच्याच खांद्यावर!

आजीचं ठेवणीतलं लुगडं

पण थांबा. ‘आम्ही काहीही घालू, तुम्ही कोण सांगणार’ असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही मी नाही.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया सातबारा काढायला तलाठ्याकडे जातात किंवा दाखल्यासाठी तहसील कचेरीत जातात, तेव्हा ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं काढतात. पुरुष धुतलेली टोपी घालतात. सरकारी कचेरी म्हणजे त्यांच्यासाठी नटून जायची जागा. चुरगळलेल्या टी-शर्टमध्ये, पाय पसरून बसलेला कारकून जेव्हा त्या आजीशी मान वर न करता बोलतो, तेव्हा तो आजीच्या त्या लुगड्याचाही अपमान करत असतो. आपण काय घालतो, यातून समोरच्याला आपण किती किंमत देतो हे कळतं. हे नाकारण्यात अर्थ नाही.

आणि कपड्यांची ही ताकद बाबासाहेबांइतकी कुणी ओळखली होती? ज्या समाजाला चांगलं नेसायची, घालायचीही मुभा नव्हती, त्या समाजातला माणूस थ्री-पीस सुटात ताठ उभा राहिला. आज गावागावातल्या त्यांच्या पुतळ्यांच्या अंगावर तोच सूट आहे. तो सूट म्हणजे फॅशन नव्हती, आपली जागा सांगणं होतं. घरातला पहिलाच पदवीधर जेव्हा इंटरव्ह्यूसाठी उधारीवर ब्लेझर आणतो, तेव्हा त्याला ‘कूल’ दिसायचं नसतं. त्याला आत घ्यावं, एवढंच त्याला हवं असतं.

म्हणजे कपडे महत्त्वाचे आहेतच. नियम मात्र चुकीच्या जागी बोट ठेवतात. ते विचारतात, कापड कोणतं? विचारायला हवं, काम कोणतं आणि समोर कोण?

भिलारच्या रानात

हे मला शिकवलं ते स्ट्रॉबेरीच्या शेताने. जानेवारीत एका स्टोरीसाठी भिलारला जायचं होतं. पुस्तकांचं गाव म्हणून तुम्हाला माहीत असलेलं तेच भिलार. ‘पत्रकार’ म्हणून पहिल्यांदाच जाणार होते, म्हणून फुल फॉर्मल. क्रीम रंगाची पँट, हिलचे नवे बूट. गादीवाफ्यांमधल्या लाल मातीत दोन पावलं टाकली आणि टाच रुतली. स्ट्रॉबेरी तोडणारी एक मावशी हसून म्हणाली, “आगं पोरी, एवढी नटून रानात कशाला आलीस?” बाकीच्या बायाही हसल्या. मी बूट काढले, पँट दुमडली आणि वाफ्याच्या कडेला उकिडवी बसले. मग कुठे त्या बोलायला लागल्या. रोज किती, कंबर किती दुखते, घरी जायला गाडी मिळते की नाही, सगळं.

त्या दिवशी माझं ऑफिस ते रान होतं आणि तिथले योग्य कपडे म्हणजे अनवाणी पाय. दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेत जायचं होतं. तिथे मी इस्त्रीचा कुर्ता घातला आणि तोही तितकाच योग्य होता.

उदाहरण आपल्या पाचगणीचंच देते. सेंट पीटर्स शाळेत गणवेश घालून शिकलेला एक मुलगा १९८५ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’मध्ये जीन्स आणि पांढरं बिनबाह्यांचं बनियन घालून उभा राहिला आणि त्याने अख्खं स्टेडियम डोक्यावर घेतलं. फ्रेडी मर्क्युरी. त्याचं ऑफिस स्टेज होतं. उद्या मी बनियन घालून नगरपरिषदेच्या सभेला गेले तर मला बाहेर काढतील आणि बरोबरच करतील.

मुलींसाठी नियम मोठे का?

अजून एक निरीक्षण. कुठलाही ड्रेसकोड काढून बघा. पुरुषांचा नियम एका ओळीत संपतो, बायकांचा परिच्छेद होतो. मार्च २०२४ मध्ये राज्यातल्या शिक्षकांसाठी सूचना आल्या, त्यातही तेच. पुरुषांना शर्ट-पँट आणि शर्ट खोचलेला. शिक्षिकांना साडी, सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा अशी यादी. नियम लांबला की तो मोजायला येणाऱ्या नजराही वाढतात. ‘दुपट्टा कुठाय?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला ‘फाइल कुठाय?’ हे विचारायची आठवण राहत नाही.

नोकरी करणाऱ्या बाईच्या कपड्यांची चर्चा आपल्याकडे नवी नाही. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. शिकवायला जाताना त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला जायचा, म्हणून त्या सोबत दुसरी साडी ठेवायच्या, असं सांगतात. शाळेत पोहोचून साडी बदलायची आणि शिकवायला उभं राहायचं. स्टँडवरच्या कॅरीबॅगा बघताना मला ती साडी आठवते. तुलना होऊच शकत नाही, हे कळतं मला. पण बाईला कामावर पोहोचण्यासाठी कपड्यांचा जास्तीचा एक जोड आणि जास्तीचं एक धैर्य आजही लागतं.

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. २०१५ मध्ये लंडनमध्ये निकोला थॉर्प नावाच्या तरुणीला रिसेप्शनच्या कामावरून पहिल्याच दिवशी घरी पाठवलं गेलं, कारण तिने उंच टाचांचे बूट घातले नव्हते. तिच्या याचिकेवर दीड लाखाच्या आसपास सह्या झाल्या आणि २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेत चर्चा झाली. आमच्या मैत्रिणीचा अर्धा पगार मात्र कुठल्याच सभागृहात पोहोचला नाही.

नियमालाही हवामान कळतं

‘नियम म्हणजे नियम’ म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. काळा कोट म्हणजे वकिलाची ओळख. पण बार कौन्सिलच्या नियमात सवलत आहे. सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून इतर न्यायालयांत उन्हाळ्यात कोटाची सक्ती नाही. जपान म्हणजे सूट-टायचा देश. तिथल्या सरकारने २००५ मध्ये ‘कूल बिझ’ मोहीम काढली, उन्हाळ्यात टाय आणि कोट काढा, एसी २८ अंशांवर ठेवा. ना न्यायालयांचा मान गेला, ना जपानची शिस्त.

मग पाचगणी-महाबळेश्वरच्या पावसासाठी एखादी ओळ लिहायला काय हरकत आहे? जून ते सप्टेंबर बंद बुटांची सक्ती नाही, एवढंच. आणि जीन्सवाल्यांनीही फार खूश होऊ नये. इथल्या पावसात भिजलेली जीन्स तीन दिवस वाळत नाही. शेगडीवर धरली तरी कमरेचा पट्टा ओलाच. जी पटकन वाळते तीच खरी फॉर्मल पँट.

न सांगितलेला ड्रेसकोड

सगळ्यात अवघड नियम म्हणजे न लिहिलेला. इंटर्नशिपच्या मेलमध्ये येतं, ‘स्मार्ट कॅज्युअल’. म्हणजे काय हो? आमच्या डोंगरावर बोर्डिंग शाळांमधली मुलं पहिली-दुसरीतच टाय बांधायला शिकतात. त्याच डोंगरावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलाला टायची गाठ यूट्यूबवर शिकावी लागते, तीही इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री. दोघंही उद्या एकाच कंपनीच्या दारात उभे असतात. एकाला ‘स्मार्ट कॅज्युअल’ समजतं, दुसरा लग्नातला सूट घालून जातो आणि हसू करून घेतो. यात हुशारीचा काय संबंध?

म्हणून कंपन्यांनो, हॉटेलवाल्यांनो, सरकारी साहेबांनो, दोनच मागण्या. नियम असेल तर साध्या मराठीत, स्पष्ट लिहा आणि तो का आहे तेही सांगा. स्वयंपाकघरात टोपी का, कारखान्यात बूट का, हे सांगावं लागत नाही, कारण कारण समोरच दिसतं. जिथे कारणच सांगता येत नाही, तो नियम काढून टाका. आणि विशिष्ट बूटच हवे असतील तर ते तुम्ही द्या. पहिल्या पगाराआधी दोन हजारांची खरेदी करायला लावू नका.

आणि आपल्यासाठी? पहिल्या दिवसाआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. काम काय आहे? समोर कोण येणार आहे? आणि मी तिथे पोहोचणार कशी? तरीही कळलं नाही, तर फोन करून विचारा. ‘उद्या काय घालून येऊ?’ हे विचारण्यात लाज नाही. न विचारता चुकण्यापेक्षा ते कधीही बरं.

मैत्रिणीने ते हॉटेल सोडलं. आता ती दुसरीकडे काम करते. तिथल्या मॅनेजरने स्टाफसाठी मागच्या दारापाशी एक लाकडी रॅक ठेवलाय. भिजलेल्या चपला तिथे काढायच्या, पाय पुसायचे, तिथेच ठेवलेले कोरडे बूट घालायचे आणि कामाला लागायचं. एवढाच ड्रेसकोड. यंदाच्या पावसाळ्यात ती कॅरीबॅग न घेता बसमधून उतरते. दोन्ही हात मोकळे. एकात छत्री, दुसऱ्यात डबा.