तेल वाचले, चरबीचे काय?

हृदयाच्या धमनीत स्टेंट बसला की घरात दोन यंत्रे हटकून येतात. एक रक्तदाब मोजायचे आणि दुसरे एअर फ्रायर. पहिले काही महिन्यांत कपाटात जाते. दुसरे ओट्यावर ठाण मांडून बसते, कारण त्यातून निघालेला पदार्थ खाताना मनाला टोचणी लागत नाही.

समजा, साठी ओलांडलेले एक गृहस्थ अँजिओप्लास्टीनंतर वर्षभराने मुलाकडे अमेरिकेत गेले. तिथे उन्हाळा म्हणजे बार्बेक्यूचा हंगाम. परसात कोळशाची शेगडी, तिच्यावर डुकराच्या बरगड्या, म्हणजे पोर्क रिब्ज, आणि वरून गोड-आंबट चिकट सॉस. मुलाला वडिलांची काळजी आहे. म्हणून तो शेगडी पेटवत नाही, रिब्ज एअर फ्रायरमध्ये करतो आणि म्हणतो, ‘‘बाबा, बिनधास्त खा. तेलाचा एक थेंब घातलेला नाही.’’ एरवी दोन तुकड्यांवर थांबले असते ते बाबा सहा तुकडे खातात.

मुलाचे वाक्य अक्षरशः खरे आहे आणि घोटाळा नेमका तिथेच आहे.

नावात ‘फ्रायर’ असले तरी हे यंत्र काहीही तळत नाही. वरच्या बाजूला विजेवर तापणारी तार, तिच्याजवळ जोरात फिरणारा पंखा आणि खाली जाळीची टोपली. सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली हवा पदार्थाभोवती वेगाने फिरते, पृष्ठभागावरचे पाणी उडते आणि पदार्थ कुरकुरीत होतो. पंखा असलेल्या मोठ्या ओव्हनची ही छोटी, चपळ आवृत्ती. २०१० मध्ये फिलिप्स कंपनीने ती बाजारात आणली तेव्हा डोळ्यांसमोर होते बटाट्याचे फ्रेंच फ्राइज. कढईभर तेलाऐवजी चमचाभर तेलात ते होतात, म्हणून ‘नव्वद टक्क्यांपर्यंत कमी चरबी’ ही भाषा आली. ही तुलना तळलेल्या पदार्थाशी आहे. रिब्ज बार्बेक्यूवर कधी तळल्या जातच नाहीत. जिथे तेल नव्हतेच तिथे ते वाचणार कसे? शून्यातून नव्वद टक्के वजा केले तरी हाती शून्यच उरते.

रिब्जमधली चरबी बाहेरून येत नाही, ती मांसातच असते. १०० ग्रॅम शिजलेल्या स्पेअर रिब्जमध्ये सुमारे ३० ग्रॅम मेद असतो आणि त्यातला ११ ग्रॅमच्या आसपास संपृक्त, म्हणजे रक्तातले ‘वाईट’ एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवणारा. हा आकडा शिजवून झाल्यानंतरचा आहे. टोपलीखाली साठलेली चरबी पाहून समाधान वाटते, पण जी खाली गळली नाही ती ताटात आली आहे. ज्यांना कोलेस्टेरॉल कमी करायचे आहे, त्यांनी दिवसाच्या २००० कॅलरीच्या आहारात संपृक्त मेद १३ ग्रॅमच्या आसपास ठेवावा, असा अमेरिकन हार्ट असोसिएशनचा सल्ला आहे. पोटभर जेवणाऱ्याच्या पोटात हाडे वगळून २०० ग्रॅम मांस सहज जाते. म्हणजे २२ ग्रॅम. पावणेदोन दिवसांचा वाटा एका बैठकीत संपतो आणि तोही ‘तेलाचा थेंब नाही’ या आनंदात.

मग येतो सॉस. बाजारातल्या बहुतेक बार्बेक्यू सॉसमध्ये टोमॅटो आणि व्हिनेगर यांच्या बरोबरीने साखर किंवा कॉर्न सिरप असते. दोन मोठ्या चमच्यांत १० ते १५ ग्रॅम साखर आणि शिवाय बऱ्यापैकी सोडियम. मांसाला आधी चोळलेल्या कोरड्या मसाल्यातही मीठ आणि ब्राउन शुगर असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसभराच्या मिठाची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्यापेक्षा थोडी कमीच, घातली आहे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याची ती मर्यादा सॉस आणि मसाला मिळून एका जेवणात गाठू शकतात. हृदय अशक्त असलेल्या रुग्णाच्या पायावर दुसऱ्या दिवशी दिसणारी सूज कधी कधी अशा जेवणातून आलेली असते.

म्हणजे एअर फ्रायर निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. रिब्जच्या बाबतीतही त्याचा एक खरा फायदा आहे, फक्त जाहिरात त्याबद्दल बोलत नाही. कोळशावर मांस भाजताना चरबी निखाऱ्यावर ठिबकते, धूर होतो आणि त्या धुरातली पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन्स ही घातक रसायने मांसावर बसतात. एअर फ्रायरमध्ये निखारा नाही, ज्वाळा नाही, त्यामुळे हा धोका बराच कमी होतो. टोपलीखाली थोडे पाणी ठेवायला यंत्राची रचना परवानगी देत असेल, तर गळलेली चरबी जळून धूरही होत नाही. दुसऱ्या गटातली रसायने मात्र धुरावर अवलंबून नसतात. मांसातले क्रिएटिन आणि अमिनो आम्ले साधारण १५० अंशांच्या पुढे तापली की हेटेरोसायक्लिक अमाइन्स तयार होतात. तापमान जितके जास्त, वेळ जितका लांब आणि कडा जितक्या काळ्या, तितकी ती अधिक. ती ओव्हनमध्ये होतात, तव्यावर होतात आणि एअर फ्रायरमध्येही होतात.

इथे आणखी एक गैरसमज आडवा येतो. १९८७ पासून अमेरिकेतल्या डुक्कर-मांस उद्योगाने आपल्या मालाची ‘दुसरे पांढरे मांस’ अशी जाहिरात केली आणि अनेकांच्या मनात पोर्क चिकनच्या रांगेत जाऊन बसले. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ते लाल मांसच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले. बेकन, सॉसेज यांसारखे प्रक्रिया केलेले मांस त्याहून वरच्या, ‘निश्चित कर्करोगकारक’ गटात गेले. ताज्या रिब्ज या दुसऱ्या गटात मोडत नाहीत, हे खरे. पण शिजलेले लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवावे, असे वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड सांगतो. एका सुट्टीच्या जेवणात त्यातला निम्मा कोटा उडतो.

आता ‘मांस नीट शिजले का’ हा प्रश्न. एअर फ्रायरची हवा बाहेरचा भाग झटपट तांबूस करते. रंग पाहून आतलेही शिजले असे वाटते, विशेषतः टोपलीत तुकडे एकावर एक रचले असतील तेव्हा. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या नियमानुसार पोर्कच्या अखंड तुकड्याचे आतले तापमान किमान ६३ अंश झाले पाहिजे आणि त्यानंतर तीन मिनिटे ते तसेच ठेवले पाहिजे. खिम्यासाठी हीच मर्यादा ७१ अंश आहे. अन्नात खुपसायचा थर्मामीटर थोड्या पैशांत मिळतो आणि तो एअर फ्रायरहून अधिक आरोग्य राखतो. तो हाडाला टेकू द्यायचा नाही, एवढे पथ्य पाळावे.

भारतात पोर्क खाणाऱ्यांसाठी या थर्मामीटरला आणखी अर्थ आहे. उघड्यावर चरणाऱ्या डुकराचे अर्धेकच्चे मांस खाल्ले तर टेनिया सोलियम नावाचा पट्टकृमी आतड्यात वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून हातांवर, पाण्यात आणि भाजीपाल्यावर येतात. ती कोणाच्याही पोटात गेली की मेंदूत गाठी होऊ शकतात आणि फिट्स येतात. म्हणूनच आयुष्यात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो, हे ऐकून नातेवाईक चकित होतात. तेव्हा मांस परवानाधारक, तपासणी होणाऱ्या दुकानातून घ्यावे, ते पूर्ण शिजवावे आणि कच्च्या मांसाची सुरी-पाट कोशिंबिरीपासून दूर ठेवावी. पट्टकृमीची अंडी मात्र हात आणि भाजी स्वच्छ धुऊनच टळतात.

रिब्ज खायच्याच असतील तर मराठी घरात एअर फ्रायरपेक्षा जुने आणि अधिक उपयोगी यंत्र आहे. ते म्हणजे प्रेशर कुकर. बरगडीभोवती कोलॅजनचे चिवट धागे असतात. ते विरघळून जिलेटिन झाले की मांस हाडापासून सुटते. अमेरिकेतले बार्बेक्यूवाले त्यासाठी मंद धुरावर पाच-सहा तास घालवतात. एअर फ्रायरच्या अर्ध्या तासात मांस खाण्याजोगे सुरक्षित होते, पण वातड राहते, म्हणून लोक तापमान वाढवतात आणि कडा जाळतात. त्याऐवजी बरगडीच्या आतल्या बाजूचा पातळ पडदा सोलून काढावा आणि कुकरची शिट्टी झाल्यावर मंद आचेवर वीसेक मिनिटे शिजवावे. तो रस्सा थंड करून फ्रिजमध्ये ठेवला की वर चरबीचा पांढरा थर गोठतो. तो काढून टाकावा. मग तुकडे कोरडे करून सॉसचा पातळ हात फिरवावा आणि एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर आठ-दहा मिनिटे ठेवावे. साखर शेवटी लागल्यामुळे जळत नाही, मांस तीव्र उष्णतेत कमी वेळ राहते आणि चरबीचा एक वाटा खरोखर ताटाबाहेर जातो.

मुरवण्याची तऱ्हाही गोव्याकडून घेता येईल. व्हिंदालूचे मूळ पोर्तुगीजांच्या व्हिनेगर-लसणात मुरवलेल्या मांसात आहे. गोव्याने त्यात मिरची आणि मसाले घातले. आंबट पदार्थ, लसूण आणि मसाले यांत मुरवलेल्या मांसात हेटेरोसायक्लिक अमाइन्स कमी तयार होतात, असे प्रयोगांत दिसले आहे. साखरेच्या सॉसऐवजी हे वाटण लावले, मीठ हात राखून घातले, तर चवीत काही कमी पडत नाही.

पण शेवटी प्रश्न पाककृतीचा नाही, वैद्यकीय सल्ल्याचा आहे. दवाखान्यात वर्षानुवर्षे एकच वाक्य सांगितले जाते, ‘तळलेले बंद.’ ते लक्षात राहायला सोपे आहे आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तेवढेच सांगायला वेळ असतो. रुग्णाने त्याचा अर्थ काढला, ‘तळलेले नसेल ते चालते.’ बाजाराने तो अर्थ हेरला आणि यंत्र विकले. ज्या घरात रोज काहीतरी तळले जाते आणि तेच तेल चार-चार वेळा कढईत चढते, तिथे हे यंत्र खरोखर उपकारक आहे. मात्र जे पदार्थ मुळातच तळले जात नव्हते, त्यांना ते आरोग्याचे प्रमाणपत्र देऊ लागले, की सल्ला अपुरा पडला असे डॉक्टरांनी मान्य केले पाहिजे. ‘तळलेले बंद’ याच्या पुढे दोन प्रश्न विचारायला फार वेळ लागत नाही: काय खाता आणि किती खाता?

तो मुलगा वाईट वागला नाही. त्याने वडिलांसाठी शेगडी विझवली आणि धूर टाळला, हे चांगलेच केले. फक्त त्याचे वाक्य थोडे बदलायला हवे होते. ‘‘बाबा, यात तेल नाही, पण चरबी आहे. दोन तुकडे घ्या, बरोबर भरपूर कोशिंबीर घ्या, आणि पुन्हा करू ते पुढच्या महिन्यात.’’ एवढे ऐकून बाबांचा हिरमोड होणार नाही. दोन तुकडे चवीने खाता येतात. सहा तुकड्यांत पुढच्या चारांची चव फारशी कळतही नाही.