शेंगदाण्याची चटणी आणि यकृताचा हिशेब



परवा मधल्या सुट्टीत आमच्या चौथीतला एक मुलगा पोळीवरची शेंगदाण्याची चटणी हळूच बाजूला काढत होता. एरवी हा चटणीसाठी भांडणारा! विचारलं तर म्हणाला, “बाई, आजोबांना लिव्हरचा कॅन्सर झालाय. शेजारचे काका म्हणाले, दाण्यातल्या प्रथिनांनी तो वाढतो. आजोबांनी दाणे, डाळ सगळं सोडलं. म्हणून मीपण सोडलं.”

खरं सांगते, मला चटकन उत्तर देता येईना. “वाचून सांगते हं,” म्हटलं. जे कळलं ते आज तुम्हालाही सांगते.

डाळ, दाणे, दूध, अंडी यांतून आपल्याला प्रथिनं मिळतात. प्रथिन म्हणजे एक लांबलचक शब्द समजा. त्याची अक्षरं म्हणजे अमिनो आम्लं. अशी अक्षरं मुख्यतः २०. अन्न पचताना शब्दाची अक्षरं सुटी होतात आणि रक्तातून यकृताकडे, म्हणजे लिव्हरकडे जातात. पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांखाली ते असतं. मोठ्या माणसात त्याचं वजन साधारण दीड किलो!

यकृत या अक्षरांपासून नवी प्रथिनं बनवतं. उरलेली अक्षरं मोडताना अमोनिया हा विषारी वायू तयार होतो. निरोगी यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. हे चक्र १९३२ साली जर्मनीत हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी उलगडलं. या चक्रात आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल बनतं आणि ते मोडून युरिया मिळतो. आलं की खर्च, असा चोख हिशेब!

कर्करोग झालेली पेशी हा हिशेब बिघडवते. नेमून दिलेलं काम सोडून ती नुसती वाढत सुटते. स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या आणि माणसांच्या यकृतातल्या गाठी तपासल्या. २०२३ साली त्यांनी आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. गाठीतल्या पेशी आर्जिनिन स्वतः कमी बनवत होत्या, तरी त्यांच्यात ते जास्त साठलेलं होतं! कसं? त्या बाहेरून ते ओढून घेत होत्या आणि खर्च मात्र कमी करत होत्या. साठलेलं आर्जिनिन आरबीएम ३९ या प्रथिनाला चिकटतं. मग पेशीचा सगळा कारभारच बदलतो, तिच्या वाढीला जोर मिळतो आणि आणखी आर्जिनिन आत ओढलं जातं.

मग दोष दाण्यांचा का? नाही. बिघाड पेशीच्या कारभारात आहे. दाण्यांत आर्जिनिन असतं हे खरं. पण आपलं शरीर ते स्वतःही बनवतं. त्यामुळे दाणे सोडले म्हणून गाठ उपाशी राहत नाही. उलट प्रथिनं मिळाली नाहीत तर आजारी माणूस आणखी अशक्त होतो. आजोबांनी काय खायचं ते त्यांचे डॉक्टर ठरवतील, शेजारचे काका नाहीत!

एक मात्र लक्षात ठेवा. बुरशी आलेले दाणे कधी खाऊ नका. काही बुरशींत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं आणि त्याने यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ‘हिपॅटायटिस बी’च्या विषाणूनेही तो वाढतो, त्यावर लस आहे. आणि घरातल्या मोठ्यांनो, दारूनेही वाढतो बरं का!

दुसऱ्या दिवशी हे सगळं त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “मग आज आजोबांना डॉक्टरांना विचारायला सांगतो.” आणि त्याने चटणीला पोळी लावली.

या आठवड्याचा गृहपाठ : आईबाबांकडून तुमचं लसीकरणाचं कार्ड मागून घ्या आणि त्यात ‘हिपॅटायटिस बी’ शोधा. सापडलं नाही तर डॉक्टरांना विचारा.

तुमच्या,
बाई