पन्नास मिनिटांत दोघांचा वाटा

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळाच्या लिमिटेड स्पर्धेत घरून बांधून आणलेला डेक चालत नाही. सीलबंद पाकिटं तिथेच फोडायची आणि मिळेल त्यातून किमान ४० कार्डांचा डेक उभा करायचा. त्यात एका फटक्यात डाव फिरवणारी कार्डं मोजकीच. भरणा साध्या क्रीचरचा, म्हणजे लढणाऱ्या प्राण्यांचा. हल्ल्याला गेलेलं क्रीचर सहसा टॅप होतं, म्हणजे आडवं फिरवलं जातं, आणि प्रतिस्पर्ध्याच्या टर्नमध्ये बचावाला उभं राहू शकत नाही. त्यामुळे दोन्हीकडे सात-आठ क्रीचर जमली की पहिला हल्ला कुणीच करत नाही. डाव तुंबतो.

यात गैर काही नाही. वरून हल्ला करणारं एखादं उडतं क्रीचर हाती लागेपर्यंत तग धरणं हेही कौशल्यच आहे. गैर आहे ते तुंबलेल्या डावाच्या आडून वेळ खाणं. खेळाडू कार्ड ओढतो, समोरची क्रीचर पुन्हा मोजतो, मघाशीच वाचलेलं कार्ड उचलून परत वाचतो, हातातली तीन कार्डं खालीवर करत बसतो आणि काहीही न करता टर्न सोडतो. टेबलावर काडीचा फरक पडलेला नसतो, घड्याळ मात्र पुढे गेलेलं असतं.

ही मिनिटं फुकटची नसतात. फेरी साधारण ५० मिनिटांची, त्यात तीनपैकी दोन डाव जिंकायचे. वेळ संपली की चालू टर्न आणि वर पाच टर्न, बस. तोवर दुसरा डाव निकाली निघाला नाही, तर पहिला जिंकलेला खेळाडू १-० ने सामना खिशात घालतो. म्हणजे आघाडीवर असलेल्याला रेंगाळण्यात सरळ फायदा आहे. १-१ असताना तिसरा डाव अडकला तर बरोबरी होते; विजयाला ३ गुण असतात, इथे दोघांना १-१ गुणावर समाधान मानावं लागतं.

नियमांत पळवाट नाही. पटावर कितीही गुंतागुंत असो, टर्न वाजवी वेळेत खेळायलाच हवा. चुरशीच्या स्पर्धांत नकळत रेंगाळलं तरी ताकीद मिळते आणि दोघांना एकेक जादा टर्न. मुद्दाम वेळ काढणं खेळभावनेविरुद्धच्या गैरवर्तनात मोडतं, त्याला शिक्षा थेट बाद.

अडतं ते अंमलबजावणीपाशी. संगणकावरच्या ‘मॅजिक ऑनलाइन’मध्ये प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. टेबलावर ते जमत नाही, कारण एकाच टर्नमध्ये प्रतिस्पर्ध्याला प्रत्युत्तराची संधी अनेकदा द्यावी लागते. दर वेळी बटण कोण दाबणार? म्हणून जज, म्हणजे स्पर्धेतला पंच, हाच उपाय. पण जजला बोलावणं म्हणजे चहाडी, असा समज घट्ट बसला आहे. नवखे खेळाडू तर मनातल्या मनात चरफडत गप्प बसतात आणि ४५व्या मिनिटाला हात वर करतात. तोवर काय उरतं?

हात पहिल्याच डावात वर व्हायला हवा. ‘जरा लवकर’ असं एकदा सांगूनही फरक पडला नाही, तर लगेच. आणि आलेल्या जजने समज देऊन निघून जाऊ नये. दोन-तीन टर्न तिथेच उभं राहावं.