आधी झोप, मग काढा

जूनच्या मध्यावर शाळा भरतात, भिजलेली दप्तरं घरी येतात आणि आठवडाभरात कुणाचं तरी नाक वाहू लागतं. लगेच काढे, चाटणं सुरू. पण आधी मुलांची झोप पाहा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९च्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारने २०२४ मध्ये सांगितलं ते झोपेसाठीच. घरात रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू राहिला तर ते वायाच. डब्यात नाचणीचं धिरडं, मटकीची उसळ द्या. घरी आल्यावर साबणाने हात, नखांखालीसुद्धा. आणि पाचव्या-दहाव्या वर्षीच्या लसींची जागा कुठलाच काढा घेत नाही. लसीकरणाचं कार्ड आजच काढून बघा.