चित्राआधीची संघटना

रिओ द जानेरोलगत, ग्वानाबारा उपसागराच्या काठी जार्दिम ग्रामाशोचं अवाढव्य डम्पिंग ग्राउंड होतं. डंपर उलटला की पुठ्ठा, पत्रा, प्लास्टिक वेचायला माणसांची झुंबड उडायची. लूसी वॉकर यांचा ‘वेस्ट लँड’ (२०१०) हा माहितीपट या माणसांचा. तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला, पण कौतुक झालं ते बहुतांशी ‘कचऱ्यातून कला’ एवढंच.

कला आहेच, आणि देखणी आहे. वेचकांच्या संघटनेचा तरुण अध्यक्ष तियाओ सांतोस टाकाऊ बाथटबमध्ये पडून राहतो, जाक-लुई दाविदच्या चित्रातल्या मृत फ्रेंच क्रांतिकारक मारासारखा. ब्राझिलियन कलाकार विक मुनिझ त्याचा फोटो काढतात आणि गोदामाच्या जमिनीवर प्रोजेक्टरने मोठा करून पाडतात. मग वेचकच त्या रेषांवर बुचं, टायर, चपला, कमोडची झाकणं मांडत जातात. उंचावरून पुन्हा फोटो घेतला की चित्र तयार. खालचा पसारा उचलायचा. लंडनच्या लिलावात हे चित्र २८ हजार पौंडांना गेलं आणि पैसे वेचकांच्या संघटनेला मिळाले.

खरा कस लागतो तो एका वादात. मुनिझ यांच्या पत्नीला आणि सहकाऱ्यांना प्रश्न पडतो: काही दिवस स्टुडिओत काम केलेल्या माणसांना पुन्हा उकिरड्यावर उभं राहवेल का? कलाकाराच्या चांगुलपणावरच शंका घेणारा हा प्रसंग सहज कापता आला असता. वॉकर यांनी तो ठेवला, हे त्यांचं श्रेय.

पण संघटना मुनिझ येण्याआधीच उभी होती. कचऱ्यात सापडलेला मॅकियाव्हेली वाचणाऱ्या तियाओला कुणी ‘उद्धारक’ लागत नव्हता. २०१२ मध्ये डम्पिंग बंद झालं. रोजी गेली, तेव्हा वेचकांना भरपाई मिळाली ती संघटनेने केलेल्या वाटाघाटींतून. चित्रं तर केव्हाच विकली गेली होती.

पुणेकरांना हे नवं वाटू नये. कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना तिथे १९९३ पासून आहे. तिच्यातूनच आलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचे सभासद दारोदार कचरा गोळा करतात. त्यांना घरटी महिन्याचे पैसे मिळतात. अर्थात, जे घर मागायला न लावता देतं तिथे.